जपानांतील बिऱ्हाड

इ. स. १५९७ च्या फेब्रुवारी महिन्याची ५ वी तारीख. जपानांतील नागासाकी बंदराजवळच्या निशिझाका नांवाच्या टेकडीवर त्या दिवशीं २६ ख्रिस्ती माणसांना क्रुसावर देण्यांत आलें. त्यांपैकीं एक आपल्या वसईचा होता. त्याचें नांव गोन्सालो गार्सिया. पिता पोर्तुगीज, माता वसईकडचीच. मिशनऱ्यांबरोबर तो तरुणपणींच जपानांत गेला, तेथील भाषा उत्तम शिकला, पुढें व्यापारांत पडला, आणि शेवटीं फ्रान्सिस्कन संघांत शिरून इ. स. १५९३ मध्यें दुभाषा म्हणून पुनः त्या देशांत आला. इ. स. १८६२ मध्यें त्याला संतपद देण्यांत आलें. त्याच्या श्रद्धेची कथा पुष्कळांनीं ऐकली असेल. परंतु ह्या लेखांत त्याच्याकडे थोड्या निराळ्या दृष्टीनें पाहावयाचें आहे. आपल्या किनाऱ्यावरून जपानांत जाऊन तेथें राहिलेला, तेथील लोकांशीं त्यांच्याच भाषेंत बोललेला, असा तो फार जुना मनुष्य आहे. परक्या देशांत बिऱ्हाड करावयाचें तर आधीं काय लागतें, हें त्यानें ओळखलें होतें.

आज जपानांत जाणारा मराठी मनुष्य बहुधा संगणकाच्या कामासाठीं, कारखान्यांतील नोकरीसाठीं किंवा विद्याभ्यासासाठीं जातो. इ. स. २०२४ च्या अखेरीस त्या देशांत राहणाऱ्या भारतीयांची संख्या ५० हजारांच्या वर गेली होती. टोकियोच्या पूर्वेकडील एदोगावा विभागांत, विशेषतः निशि-कासाई स्टेशनाच्या आसपास, त्यांची मोठी वस्ती आहे. तूरडाळ आणि हिंग विकणारीं दुकानेंही तेथें निघालीं आहेत. महाराष्ट्रांतून गेलेले व पुढें जपानचें नागरिकत्व घेतलेले श्री. योगेंद्र पुराणिक हे इ. स. २०१९ मध्यें ह्याच विभागाच्या लोकनियुक्त सभेंत निवडून आले. आपल्या विद्यार्थ्यांपैकीं कोणाचा दादा, कोणाची मावशी आज तिकडे असेल, आणि उद्यां तुमच्यांतलेही कांहीं जातील. म्हणून तेथील रोजचा संसार कसा चालतो, तें समजून घेणें उपयोगाचें आहे.

आरंभींच एक गोष्ट सांगितली पाहिजे. जपानांत पाऊल ठेवतांच मोठा पदवीधर मनुष्यही निरक्षर होतो. रस्त्यावरील पाटी त्याला वाचतां येत नाहीं, औषधाच्या बाटलीवरील सूचना कळत नाहीं, मुलाच्या शाळेंतून आलेली चिठ्ठी समजत नाहीं. दुकानांत पांढऱ्या दाण्यांच्या दोन सारख्या पिशव्या शेजारींशेजारीं ठेवलेल्या असतात. एकींत मीठ, दुसरींत साखर. अक्षर ओळखतां आलें नाहीं, तर सकाळच्या चहाची काय दशा होईल, तें सांगावयास नको. ज्याला आपल्या विद्येचा अभिमान आहे, त्याला ही स्थिति फार बोंचते. कांहीं जण त्या बोंचणीनें चिडतात, आपल्यापुरतें दार लावून घेतात, आणि वर्षानुवर्षें त्या देशांत काढूनही खऱ्या अर्थानें तेथें राहत नाहींत. दुसरे कांहीं पाटी-पेन्सिल घेऊन पुनः पहिल्या इयत्तेंत बसतात. परदेशांतील बिऱ्हाड सुखाचें होणें न होणें हें बहुतेक ह्या एका निवडीवर अवलंबून असतें.

ही पहिली इयत्ता अक्षरांपासूनच सुरू होते. हिरागाना आणि काताकाना ह्या दोन जपानी वर्णमाला. प्रत्येकींत ४६ मूळ अक्षरें. त्यांशिवाय चीनहून आलेलीं कांजी नांवाचीं हजारों शब्दचिन्हें. त्यांतील नित्य उपयोगाचीं म्हणून सरकारनें इ. स. २०१० मध्यें जी यादी ठरविली, तींत २,१३६ चिन्हें आहेत. जपानी मूल पहिल्या इयत्तेंत त्यांपैकीं ८० शिकतें, आणि सहा वर्षांची प्राथमिक शाळा संपेपर्यंत १,०२६. म्हणजे पुण्याहून गेलेला अभियंता आणि त्याची सहा वर्षांची मुलगी, हीं दोघें एकाच दिव्याखालीं बसून तींच ८० चिन्हें गिरवितात. आणि बहुधा मुलगीच पुढें जाते!

तथापि मराठी माणसाला ह्या कामीं दोन गोष्टींचा मोठा आधार आहे. जपानी वर्णमालेचा क्रम ‘आ, इ, उ, ए, ओ’ असा स्वरांनीं सुरू होतो, आणि पुढें ‘का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा’ अशा ओळी लागतात. हा क्रम ऐकतांच आपली बाराखडी आठवते, आणि तें उगीच नव्हे. बौद्ध भिक्षूंनीं संस्कृत अक्षरांचा अभ्यास केला, त्याचाच ठसा ह्या मांडणीवर उमटला आहे. दुसरा आधार वाक्यरचनेचा. ‘मी भात खातों’ ह्या वाक्यांतील शब्द ज्या क्रमानें येतात, त्याच क्रमानें ते जपानींतही येतात, क्रियापद शेवटीं. आपण नामाला ‘ला’, ‘हून’, ‘चा’ लावतों, तसे त्यांचे ‘नि’, ‘कारा’, ‘नो’ हे शब्द नामाच्या मागून येतात. मराठींत ‘तूं’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ ह्यांतील भेद ज्याला आईनें शिकविला आहे, त्याला जपानी भाषेंतील आदराच्या पायऱ्या समजून घेणें फारसें कठीण जात नाहीं.

आतां बिऱ्हाडाकडे वळूं. दीर्घ मुदतीसाठीं आलेल्या परदेशीय माणसाला निवासपत्र मिळतें, आणि घर मिळाल्यापासून १४ दिवसांच्या आंत त्या भागाच्या नगरकचेरींत जाऊन त्यावर पत्ता नोंदवावा लागतो. सोळा वर्षांवरील परदेशीयानें हें पत्र नेहमीं जवळ बाळगलें पाहिजे, असा कायदा आहे. सरकारी आरोग्यविम्यांत नांव घातलें म्हणजे सामान्यतः औषधोपचाराच्या खर्चापैकीं ३० टक्के आपण द्यावयाचे, बाकीचे विम्यांतून जातात. घर भाड्यानें घेणें मात्र कष्टाचें काम आहे. अनामत रकमेखेरीज ‘रेइकिन’ म्हणजे घरमालकाच्या आभाराचे पैसे पुष्कळ ठिकाणीं द्यावे लागतात, आणि ते परत मिळत नाहींत. कांहीं घरमालक परदेशीयांना जागा देण्यासच नाखूष असतात. भाषा कळणार नाहीं, नियम पाळले जाणार नाहींत, अशी भीति त्यांच्या मनांत असते. नवख्या कुटुंबाच्या जिवाला हें लागतें, आणि लागावें असेंच तें आहे. परंतु आपल्या शहरांतही परप्रांतीय किंवा परधर्मीय भाडेकऱ्याला असेंच उत्तर मिळतें, हें त्या वेळीं आठवल्यावांचून राहत नाहीं.

घर मिळालें कीं उंबरठ्याचा धडा. दाराच्या आंत ‘गेन्कान’ नांवाची थोडी खोल जागा असते. तेथें जोडे काढावयाचे, त्यांचीं तोंडें दाराकडे करून ठेवावयाचीं, आणि मग वरच्या जमिनीवर पाय टाकावयाचा. दाराशीं चपला काढणाऱ्या मराठी माणसाला हा धडा आधींच येत असतो. खोल्या लहान असतात. जुन्या पद्धतीच्या खोलींत ‘तातामी’ नांवाच्या गवती चटया जमिनीभर बसविलेल्या असतात, आणि खोलीचें माप फुटांत न सांगतां ‘सहा चटयांची खोली’ असें सांगतात. रात्रीं गादी घालावयाची, सकाळीं घडी करून कपाटांत ठेवावयाची. दिवसा तीच बैठकीची खोली. स्नानाची रीति मात्र नवी. आधीं बाहेर बसून अंग स्वच्छ धुवावयाचें, आणि नंतर कढत पाण्याच्या टांकींत गळ्यापर्यंत बसावयाचें. त्याच पाण्यांत घरांतील माणसें एकामागून एक बसतात. म्हणून त्यांत साबण नेणें हा मोठा अपराध समजला जातो. नवीन बिऱ्हाडकरूनें शेजाऱ्यांकडे जाऊन टॉवेल किंवा मिठाईची लहानशी भेट द्यावी आणि ‘सांभाळून घ्या’ असें म्हणावें, अशीही एक चाल आहे. जो ती पाळतो, त्याचीं पुढचीं कित्येक संकटें आपोआप हलकीं होतात.

ह्या संकटांतील पहिलें म्हणजे कचरा! जपानांत कचरा टाकणें ही विद्या आहे. जळणारा कचरा, न जळणारा कचरा, कागद, कांच, डबे, बाटल्या, हें सर्व निराळें करावयाचें. प्रत्येकाचा वार ठरलेला, आणि त्या दिवशीं सकाळच्या ठराविक वेळेच्या आंत तें ठरलेल्या जागीं ठेवावयाचें. पाण्याच्या बाटलीचें बूच काढावयाचें, वरचा कागद सोलावयाचा, बाटली विसळावयाची आणि मग चेपावयाची. शिकोकू बेटावरील कामिकात्सु नांवाच्या गांवानें इ. स. २००३ मध्यें कचराच उरूं द्यावयाचा नाहीं असा निश्चय जाहीर केला. तेथें लोक कचऱ्याचे ४० हून अधिक प्रकार वेगळे करतात. चुकीच्या दिवशीं ठेवलेली पिशवी गाडीवाले नेत नाहींत. तिच्यावर सूचनेची चिठ्ठी चिकटवून ती तेथेंच ठेवून जातात. साऱ्या आळीच्या देखत ती पिशवी परत घरांत आणतांना जी लाज वाटते, ती दहा व्याख्यानांचें काम करते.

ह्या नियमांचें मूळ काय, हें विचारलें पाहिजे. कचऱ्याच्या पिशव्यांवर पुष्कळ ठिकाणीं जाळें पांघरतात, कारण टोकियोंत कावळे फार. जाळें नीट न घातल्यास कावळे पिशव्या फोडतात, आणि तो राडा दुसऱ्या कोणाला तरी आवरावा लागतो. बाटली न विसळल्यास ती हाताळणाऱ्या माणसाच्या हाताला घाण लागते. म्हणजे प्रत्येक नियमाच्या पलीकडे एक मनुष्य उभा आहे. आपण त्याला पाहिलेलें नाहीं, तोही आपल्याला ओळखत नाहीं. आपल्यामागून येणाऱ्याला त्रास होऊं नये, हा विचार त्या समाजानें लहानपणापासून मुलांच्या अंगीं बाणविला आहे. इ. स. १९९५ मध्यें टोकियोच्या भुयारी रेल्वेंत विषारी वायु सोडून माणसें मारण्यांत आलीं, त्यानंतर सार्वजनिक ठिकाणच्या पुष्कळ कचरापेट्या काढून टाकण्यांत आल्या. तरीही रस्ते स्वच्छ राहिले, कारण लोक आपला कचरा पिशवींत घालून घरीं नेतात. पेटी नव्हती म्हणून टाकला, ही सबब तेथें चालत नाहीं.

बाजारांत गेलें तरी हीच शिकवण निराळ्या रूपानें भेटते. दारांत पाऊल पडतांच दुकानदार ‘इराश्शाइमासे’ म्हणजे ‘यावें, यावें’ असें ओरडून स्वागत करतो. भाव ठरलेला असतो. घासाघीस करण्याची चाल सहसा नाहीं. पैसे हातांत न देतां समोरच्या लहान तबकांत ठेवावयाचे, आणि उरलेले मोजून घ्यावयाचे. बक्षिशी कोणी घेत नाहीं; मेजावर नाणीं विसरलांत असें समजून वाढपी मागें धांवत येतो. वस्तूंवरील कर इ. स. २०१९ च्या ऑक्टोबरांत १० टक्के झाला, तेव्हां घरीं नेण्याच्या खाद्यपदार्थांवर तो ८ टक्केच ठेवण्यांत आला. ‘कोन्बिनी’ नांवाचीं छोटीं दुकानें देशभर ५० हजारांहून अधिक असून त्यांतील बहुतेक रात्रंदिवस उघडीं असतात. तेथें भाताचा गोळा मिळतो, विजेचें बिल भरतां येतें आणि पार्सलही पाठवितां येतें. काटकसरी गृहिणी मात्र मोठ्या दुकानांत संध्याकाळीं उशिरा जाते. कारण त्या दिवशींच संपविले पाहिजेत असे पदार्थ त्या वेळीं निम्म्या किंमतीच्या चिठ्ठ्या लावून काढतात.

वस्तु हरवली तर ‘कोबान’ नांवाच्या नाक्यावरील पोलिसचौकींत चौकशी करावी. एकट्या टोकियोंत इ. स. २०२३ मध्यें पोलिसांकडे ४० लाखांहून अधिक हरवलेल्या वस्तु जमा झाल्या. वस्तु आणून देणाऱ्याला तिच्या किंमतीच्या ५ ते २० टक्के बक्षीस मिळावें, असें तेथील कायद्यानेंच ठरविलें आहे. तेव्हां हा केवळ स्वभावाचा गुण नव्हे. चांगल्या स्वभावाला चांगल्या व्यवस्थेची जोड आहे, हें ध्यानांत घ्यावें.

आतां जेवणाची गोष्ट. जपानींत ‘गोहान’ म्हणजे शिजविलेला भात, आणि ‘गोहान’ म्हणजेच जेवण. आपल्या कोंकणांतल्याप्रमाणें तेथेंही भाताशिवाय पोट भरत नाहीं. तांदूळ आंखूड दाण्याचा व चिकट. त्यामुळें काड्यांनीं उचलतां येतो. एक वाटी सूप, तीन पदार्थ आणि भात, हें घरगुती जेवणाचें जुनें प्रमाण. ह्या पाकपरंपरेला युनेस्कोनें इ. स. २०१३ मध्यें जगाच्या वारशांत स्थान दिलें. शाकाहारी कुटुंबाची मात्र येथें खरी परीक्षा होते. ‘मांस नको’ एवढें सांगून भागत नाहीं. कारण बहुतेक कालवणांचा आधार ‘दाशी’ नांवाचें पाणी. तें कोंबु नांवाच्या समुद्रवनस्पतीचें व वाळविलेल्या बोनिटो माशाच्या किसाचें करतात. भाजीवर, सूपावर, शेवयांवर कोठेंही तें असावयाचेंच. म्हणून ‘माशाचें दाशीही नको’ हें वाक्य पहिल्याच आठवड्यांत पाठ करावें लागतें. गंमत अशी कीं, ह्याच देशांत बौद्ध मठांतील ‘शोजिन र्योरि’ नांवाची संपूर्ण शाकाहारी पाककला शतकानुशतकें चालत आली आहे. तींत मांस-मासे तर नाहींतच, पण कांदालसूणही वर्ज्य. विचारणाऱ्याला मार्ग सांपडतो, तो असा.

जेवणाच्या आरंभीं सर्व जण हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हणजे ‘नम्रपणें स्वीकारतों’ असें म्हणतात, आणि शेवटीं ‘गोचिसोसामा’ म्हणून आभार मानतात. जेवणापूर्वीं प्रार्थना करणाऱ्या घरांतील मुलांना हें सहज कळेल. काड्या भातांत उभ्या खोंचून ठेवूं नयेत, कारण तसा भात मृतापुढें ठेवतात. आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊं नये, कारण दहनानंतर अस्थि अशा रीतीनें उचलतात. हे नियम कोणी पाटीवर लिहून ठेवीत नाहीं. चुकल्यावर यजमानांच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागतात.

ह्या सर्व परकेपणांत एके सकाळीं एक ओळखीचा शब्द भेटतो. जपानी लोक पावाला ‘पान’ म्हणतात. आपला ‘पाव’ आणि त्यांचा ‘पान’ हे दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाचे वंशज! पोर्तुगीज लोक इ. स. १५४३ मध्यें जपानला पोंचले. सहा वर्षांनीं संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून कागोशिमाला उतरले. त्या गलबतांतून धर्म गेला, व्यापार गेला, आणि भाकरीचा शब्दही गेला. नागासाकींत आजही ‘कासुतेरा’ नांवाचा जो केक प्रसिद्ध आहे, तो ह्याच संबंधाचा अवशेष. नंतरच्या काळीं इंग्रजांच्या वाटेनें करी जपानांत आली व भातावर ओतून खाण्याचा घरोघरचा पदार्थ झाली. खऱ्या हिंदुस्थानी पद्धतीची करी मात्र टोकियोच्या नाकामुराया ह्या दुकानानें इ. स. १९२७ मध्यें सुरू केली. ती करावयास शिकविणारे होते बंगालचे देशभक्त रासबिहारी बोस, जे इंग्रज सरकारच्या हातून निसटून जपानांत आश्रयाला राहिले होते.

पालकांना सर्वांत अधिक काळजी असते ती मुलांच्या शाळेची. परदेशीय मुलांना कायद्याची सक्ति नाहीं. तथापि सरकारी शाळेंत त्यांना विनामूल्य प्रवेश मिळतो. तेथें दुपारीं पांढरे अंगरखे व टोप्या घालून मुलेंच एकमेकांना जेवण वाढतात. वर्ग, जिने आणि बहुधा संडासही मुलेंच झाडून पुसून काढतात. डॉक्टरच्या मुलानें व गवंड्याच्या मुलानें एकाच फडक्यानें एकच जमीन पुसावयाची. त्यांत कोणाला कमीपणा वाटत नाहीं. दरवर्षीं १ सप्टेंबरच्या सुमारास भूकंपाची कवायत होते. इ. स. १९२३ मध्यें त्या तारखेला झालेल्या भूकंपांत व त्यानंतरच्या आगींत टोकियो-योकोहामा भागांतील एक लाखाहून अधिक माणसें मेलीं, इ. स. २०११ च्या ११ मार्चचा भूकंप व समुद्राची लाट ह्यांनीं तर हजारों कुटुंबें उध्वस्त केलीं. म्हणून पुष्कळ घरांत कपाटें भिंतीला अडकवून ठेवतात, आणि पाणी, दिवा व कोरडें अन्न भरलेली पिशवी दाराजवळ तयार असते. जमायचें मैदान कोणतें, हें शेजाऱ्यांना विचारून ठेवणें परदेशीय कुटुंबाचें आद्य कर्तव्य होय. त्या वेळीं पदवी उपयोगी पडत नाहीं. ओळख उपयोगी पडते.

ह्या शाळेंत मराठी मूल फार लवकर रमतें, आणि तेथेंच आईबापांपुढें खरा प्रश्न उभा राहतो. दोनतीन वर्षांत मूल जपानींत भांडूं लागतें, जपानींत स्वप्नें पाहूं लागतें. आणि आजीचा फोन आला कीं मराठी शब्द शोधूं लागतें. इकडे आईला शाळेची चिठ्ठी वाचावयास त्याच मुलाची मदत लागते. एकाच घरांत दोन भाषांच्या दोन खोल्या होतात. ह्या प्रसंगीं त्या आईनें आपल्या हातांतील पांच हजार येनांची नोट पाहावी. इ. स. २०२४ च्या जुलैमध्यें निघालेल्या ह्या नोटेवर त्सुदा उमेको ह्या विदुषीचें चित्र आहे. इ. स. १८७१ मध्यें, अवघ्या सहाव्या वर्षीं, जपान सरकारनें तिला शिक्षणासाठीं अमेरिकेस पाठविलें. तेथें ती ख्रिस्ती झाली. इ. स. १८८२ मध्यें ती परत आली, तेव्हां स्वतःच्या मातृभाषेंत तिला धड बोलतां येत नव्हतें! आपल्याच आईशीं बोलण्यासाठीं तिला जपानी पुनः शिकावी लागली. पण ती शिकली, आणि इ. स. १९०० मध्यें तिनें टोकियोंत मुलींच्या उच्च शिक्षणाची संस्था काढली. तिच्या चरित्रांतून दोन गोष्टी निघतात. मातृभाषा वापरल्यावांचून टिकत नाहीं, ही पहिली. आणि गेलेली भाषाही लाज सोडून पहिल्या इयत्तेंत बसणाऱ्याला परत मिळते, ही दुसरी. ज्या घरांत आई मुलाकडून रोज पांच जपानी शब्द शिकते आणि मूल आईकडून एक मराठी गोष्ट ऐकतें, त्या घरांतील दोन्ही खोल्यांचीं दारें उघडीं राहतात.

जपानी समाज म्हणजे स्वर्ग, असा मात्र ह्या लेखाचा अर्थ कोणी करूं नये. अति कामानें येणाऱ्या मृत्यूला त्यांच्या भाषेंत ‘करोशी’ असा स्वतंत्र शब्द आहे, ह्यावरून तेथील नोकरीची कल्पना करावी. मोठ्या शहरांतील गर्दींत मनुष्य फार एकटा पडतो. विनय पुष्कळ, पण घरीं बोलावणें क्वचित्. वर्षानुवर्षें राहिलेल्या परदेशीयालाही ‘आपण किती दिवसांसाठीं आलांत?’ असा प्रश्न ऐकावा लागतो. हें सर्व धरूनच तेथें राहावयाचें असतें.

सुटीच्या दिवशीं मात्र देश आपलीं दारें मोकळेपणानें उघडतो. टोकियोंत हिरव्या पट्ट्याची यामानोते रेल्वे ३० स्टेशनें घेत साधारण एका तासांत शहराच्या मध्यभागाला वेढा घालते. डब्यांत गर्दी असली तरी शांतता असते; फोनवर बोलणें असभ्य समजतात. मार्चच्या अखेरीस साकुरा फुलतो, तेव्हां लोक झाडांखालीं चटया पसरून डबे सोडतात. क्योटोकडे जाणाऱ्या शिन्कान्सेन गाडींतून आकाश निरभ्र असल्यास उजव्या बाजूला ३,७७६ मीटर उंचीचा फुजी पर्वत दिसतो. ही गाडी इ. स. १९६४ मध्यें सुरू झाली. आज टोकियो ते ओसाका हें अंतर ती अडीच तासांच्या आंत काटते. कामाकुरा येथें उघड्या आकाशाखालीं बसलेली तेराव्या शतकांतील बुद्धाची प्रचंड कांस्यमूर्ति पाहावी, आणि जवळच्या एनोशिमा बेटावर बेन्झाइतेन देवीचें दर्शन घ्यावें. ही देवी म्हणजे आपली सरस्वतीच. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गें तेथें पोंचलेली. नारा येथील तोदाइजी मंदिरांतील सुमारें १५ मीटर उंचीच्या बुद्धमूर्तीचे डोळे उघडण्याचा विधि इ. स. ७५२ मध्यें ज्या भिक्षूच्या हातून झाला, तो बोधिसेन हिंदुस्थानांतून गेलेला होता. इ. स. ७३६ मध्यें तो जपानांत आला आणि तेथेंच राहिला. आपल्याआधीं येथें कोणी तरी बिऱ्हाड केलें होतें, ही जाणीव परक्या देशांत फार धीर देते.

आणि शेवटीं नागासाकी. इ. स. १९४५ च्या ९ ऑगस्ट रोजीं सकाळीं ११ वाजून २ मिनिटांनीं ह्या शहरावर अणुबाँब पडला, आणि उराकामी येथील मोठें ख्रिस्तमंदिर जमीनदोस्त झालें. तेथील शांति-उद्यानांत जाऊन आलेल्या मुलाला युद्ध म्हणजे काय, हें निराळें सांगावें लागत नाहीं. ह्याच शहरांत ओउरा नांवाचें जुनें ख्रिस्तमंदिर आहे. तें त्या २६ हुतात्म्यांना वाहिलेलें. इ. स. १८६५ च्या मार्चमध्यें उराकामीचे कांहीं शेतकरी तेथील फ्रेंच धर्मगुरूंकडे आले आणि हळूच म्हणाले, आमची श्रद्धा आपल्यासारखीच आहे. सुमारें अडीचशें वर्षें, धर्मगुरूंवांचून, मरणाच्या भीतीखालीं, बापानें मुलाला शिकवीत त्यांनीं आपला धर्म जिवंत ठेवला होता. ह्या गुप्त ख्रिस्ती लोकांचीं स्थळें इ. स. २०१८ पासून जागतिक वारशांत गणलीं जातात.

तेथून निशिझाकाची टेकडी फार दूर नाहीं. इ. स. १९६२ मध्यें तेथें स्मारक उभारलें. एका लांब भिंतीवर २६ कांस्यमूर्ति ओळीनें उभ्या आहेत, आणि त्यांच्यांत वसईचा गोन्सालो आहे. जपानांत राहणारें एखादें मराठी कुटुंब सुटींत तेथें जातें, तेव्हां वडील मुलाला बोट करून सांगतात, ‘हा आपल्याकडचा.’ मुलगा शेजारची जपानी पाटी वाचून वडिलांना अर्थ सांगतो. त्या क्षणीं तो मुलगाही दुभाषाच असतो.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं जो कोणी पुढें त्या देशांत किंवा दुसऱ्या कोणत्याही परदेशांत जाईल, त्यानें सामानांत एक पाटी अवश्य ठेवावी. आणि जो येथेंच राहील, त्यानें आपल्या वर्गांत परगांवाहून नवीन आलेल्या, आपली भाषा चुकत बोलणाऱ्या मुलाशेजारीं एक दिवस बसावें. त्याची पहिली इयत्ता आपल्याच शाळेंत चालू आहे.